दोन नंबरचं मत

४ जून २०२४ ला लोकसभेचे निकाल लागले, तेव्हा इंदूरच्या २,१८,६७४ मतदारांनी नोटाचं बटण दाबल्याचं कळलं. देशातल्या कुठल्याही मतदारसंघात तोवर नोटाला एवढी मतं पडली नव्हती. कारण इंदूरच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घ्यायच्या अखेरच्या दिवशी माघार घेतली आणि तो सरळ भाजपत जाऊन बसला. भाजपचे शंकर लालवानी ११,७५,०९२ मतांनी जिंकले. दुसरा आलेल्या बसपच्या उमेदवाराला नोटाच्या पाव हिस्सादेखील मतं नव्हती. याच जागेवरून १९८९ ते २०१४ सलग आठ वेळा भाजपतर्फे निवडून आलेल्या सुमित्राताई महाजनांनीसुद्धा, हे व्हायला नको होतं, असं उघडपणे सांगितलं होतं.

आमच्या रामबागेतल्या घरात मात्र यावर कुणी चकार शब्द काढला नाही. काका बँकेतून निवृत्त झालेले, जनसंघाच्या दिव्याच्या खुणेपासूनचे मतदार. मामा मालवा मिलमधले, लाल झेंड्याच्या युनियनचे. दोघांची घरं एका गल्लीत, दोघं एकमेकांना अहो-जाहो करतात आणि गेली काही वर्षं दोघांनीही एक अलिखित करार पाळलाय: पोहे, क्रिकेट, गुडघे, नातवंडं यावर वाट्टेल तितकं बोलायचं, राजकारण काढायचं नाही. घरातल्या बायकांना हा करार म्हणजे मोठाच विजय वाटतो. मला तो भांडणापेक्षा वाईट वाटतो. भांडताना निदान समोरचा काय म्हणतोय ते कानावर तरी पडायचं. आता काका मामांबद्दल काय समजतात ते त्यांच्या मोबाइलवर येणाऱ्या व्हिडिओंनी ठरवलेलं आहे. मामांचंही तसंच.

‘देश दुभंगलाय’ या विषयावर इकडून तिकडून मराठीत जे लिहिलं जातं, त्यात उपाय बहुधा एकच असतो, मनं मोठी करा. मी डब्लिनला राहते. इथे आल्यावर माझा या उपायावरचा विश्वास उडाला, कारण इथल्या माणसांची मनं काही इंदूरकरांपेक्षा मोठी नाहीत. फरक आहे तो त्यांच्या मतपत्रिकेत.

इंदूरचा निकाल लागला त्यानंतर तीनच दिवसांनी, ७ जूनला, आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुका होत्या. इथल्या नगर परिषदेसाठी मत द्यायला आयरिश नागरिकत्व लागत नाही, इथे राहत असलं आणि अठरा वर्षं पूर्ण असली की पुरतं. म्हणजे मी, भारतीय पासपोर्टवाली बाई, डब्लिनच्या नगरसेवकासाठी मत देऊ शकते. लोकसभेसाठी द्यायचं तर २०१० च्या दुरुस्तीने परदेशस्थ मतदार म्हणून नाव घालता येतं, पण मतदानाच्या दिवशी स्वतः इंदूरच्या केंद्रावर उभं राहावं लागतं. असो, त्याची तक्रार इथे करत नाही.

तर उमेदवार दारावर येतात. पावसात, पत्रकं घेऊन, बरेचदा एकटेच. मी एकीला सांगितलं की माझं मत दुसऱ्या पक्षाला आहे. इंदुरात यावर माणूस नमस्कार करून पुढचं दार गाठतो. ही बाई तिथेच थांबली. म्हणाली, हरकत नाही, मग दोन नंबर मला द्याल का? आणि माझ्या पक्षाच्या उमेदवाराबद्दल एक वाकडा शब्द न काढता तिने बसथांब्याचं आणि पाळणाघराचं बोलायला सुरुवात केली.

तिचा हा शहाणपणा संस्कारातून आलेला नाही, गणितातून आलेला आहे. इथे एका मतदारसंघातून एकच माणूस जात नाही. डॉलमध्ये, म्हणजे त्यांच्या लोकसभेत, एका मतदारसंघातून तीन, चार किंवा पाच जण जातात. मतदार शिक्का मारत नाही, पेन्सिलीने १, २, ३ असा क्रम लिहितो. चार जागा असतील तर एकूण वैध मतांच्या पाचव्या हिश्शाहून एक मत जास्त, हा कोटा. पहिल्या पसंतीवर तो क्वचितच कुणाला मिळतो. मग सगळ्यात मागे असलेला बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यांच्यावरच्या पुढच्या पसंतीप्रमाणे इतरांच्या गठ्ठ्यात जातात. कुणाला कोट्याहून जास्त मतं मिळाली तर ती वरकड मतंही अशीच पुढे सरकतात. ज्याने शेजारच्या पक्षाच्या मतदाराला शिव्या दिल्या, त्याच्याकडे चौथ्या-पाचव्या फेरीत काहीच सरकत नाही, आणि तो पहिल्या फेरीत पुढे असूनही पडतो. मी हे होताना पाहिलंय, आणि खरं सांगायचं तर मला आसुरी आनंद झाला.

मोजणी दिवसच्या दिवस चालते. तिथला एक प्रकार तर काका-मामांनी बघावा असा आहे. मतपेट्या उघडल्या की कठड्याला लागून सगळ्या पक्षांचे स्वयंसेवक ओळीने उभे राहतात आणि उलगडल्या जाणाऱ्या प्रत्येक मतपत्रिकेवरची पहिली पसंती कागदावर टिपतात. एका पक्षाला सगळ्या पेट्या बघणं जमत नाही, म्हणून ते पेट्या वाटून घेतात आणि संध्याकाळी आकडे एकत्र करतात. महिनाभर एकमेकांविरुद्ध प्रचार केलेली माणसं एकमेकांच्या टिपणावर विश्वास ठेवतात. ठेवावाच लागतो, नाहीतर कुणाकडेच पूर्ण हिशेब राहत नाही.

आयरिश लोक मुळात मवाळ, म्हणून त्यांना हे जमतं, असं कुणी म्हणेल. त्यांचा इतिहास तसं सांगत नाही. १९२१ च्या डिसेंबरात ब्रिटिशांशी तह झाला आणि तो मान्य करायचा की नाही यावरून स्वातंत्र्यासाठी एकत्र लढलेल्यांनी १९२२-२३ मध्ये एकमेकांवर बंदुका रोखल्या. तहाच्या बाजूचा नेता मायकेल कॉलिन्स मारला गेला तो इंग्रजांच्या नव्हे, आपल्याच जुन्या साथीदारांच्या गोळीने. आजचे फिना फॉल आणि फिना गेल हे दोन मोठे पक्ष त्या यादवीच्या दोन बाजूंचे वारस. आपण कुठल्या घरात जन्मलो यावर कुठल्या पक्षाचे हे ठरायचं, आणि जवळजवळ शंभर वर्षं हे दोन पक्ष एका मंत्रिमंडळात बसले नाहीत. बसले ते जून २०२० मध्ये. पंतप्रधानपद वाटून घ्यायचं ठरलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये फिना फॉलच्या मीहॉल मार्टिननी ते ठरल्याप्रमाणे फिना गेलच्या लिओ वराडकरांच्या हाती दिलं. हे वराडकर मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे, हे मराठी वाचकाला सांगायला नकोच. यात प्रेमाचा उमाळा वगैरे काही नव्हता. कुणाचंच बहुमत जवळपास नव्हतं आणि शिन फेन या तिसऱ्या पक्षाला सत्तेबाहेर ठेवायचं होतं. पण गरजेपोटी का होईना, आजोबांनी ज्यांच्या आजोबांवर गोळ्या झाडल्या त्यांच्याबरोबर त्यांनी अंदाजपत्रक मांडलं.

ही मतपद्धत टिकली तीही पुढाऱ्यांच्या कृपेने नाही. फिना फॉलने १९५९ मध्ये ती काढून आपल्यासारखी ‘ज्याला जास्त मतं तो विजयी’ ही पद्धत आणण्यासाठी सार्वमत घेतलं. त्याच दिवशी राष्ट्रपतिपदाचीही निवडणूक होती. लोकांनी फिना फॉलच्याच डी व्हॅलेरांना राष्ट्रपती केलं आणि त्यांच्याच पक्षाचा प्रस्ताव फेटाळला. १९६८ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा फेटाळला, या वेळी आणखी जोरात.

दुसरी गोष्ट नागरिक सभेची. गर्भपाताचा प्रश्न इथे आपल्याकडच्या मंदिर-मशिदीइतका जिवावरचा होता. १९८३ मध्ये बंदी थेट घटनेत घातलेली. ऑक्टोबर २०१२ मध्ये आपल्या बेळगावच्या सविता हलप्पनवार गॉलवेच्या इस्पितळात मरण पावल्या, गर्भपाताची विनंती करूनही तो वेळेवर न झाल्याने, आणि देश ढवळून निघाला. २०१६ मध्ये सरकारने चिठ्ठ्या टाकल्यासारखे ९९ सामान्य नागरिक निवडले, वर सर्वोच्च न्यायालयाच्या एक न्यायमूर्ती अध्यक्ष. त्यांनी शनिवार-रविवार एका हॉटेलात बसून डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंच्या संघटना, स्वतः त्यातून गेलेल्या बाया, सगळ्यांचं ऐकलं. पुढाऱ्यांना ज्याला हात लावायची भीती वाटत होती ते या लोकांनी बदला म्हणून सांगितलं, आणि मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी होकार दिला. हरलेल्यांनी निकाल मानला. माझ्या कामाच्या ठिकाणी विरोधात मत दिलेली एक बाई आहे. तिला निर्णय आजही पटत नाही, पण आपलं म्हणणं कुणी ऐकलंच नाही असं ती म्हणत नाही.

आता कुणी आयर्लंडची आरती ओवाळायला लागण्याआधी बाकीचंही सांगते. मार्च २०२४ मध्ये घटनेतल्या कुटुंब आणि स्त्रियांच्या घरकामाबद्दलच्या कलमांवर सार्वमत झालं. सगळे मोठे पक्ष एका बाजूला होते, आणि लोकांनी दोन्ही प्रस्ताव दोन-तृतीयांशाहून जास्त मतांनी आपटले. नागरिक सभेने सुचवलेला मजकूर सरकारने वाटेत बदलला होता. वरच्यांचं एकमत झालं म्हणजे खालच्यांचं झालं असं नसतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये डब्लिनच्या भर वस्तीत शाळेबाहेर मुलांवर चाकूहल्ला झाला, हल्लेखोर परदेशी असल्याची बातमी पसरली आणि रात्री बस-ट्रॅम जळल्या. हल्लेखोराला अडवणाऱ्यांत एक ब्राझिलियन डिलिव्हरीवाला होता, ते लोकांना नंतर कळलं. जुलै २०२५ मध्ये टॅला भागात एका भारतीय माणसाला रस्त्यात मारहाण करून अर्धनग्न केलं, १ ऑगस्टला आपल्या दूतावासाने निर्जन भागात, विशेषतः अवेळी, जाऊ नका असं पत्रक काढलं. त्या महिन्यात मी संध्याकाळची शेवटची बस टाळायचे. त्या माणसासाठी गाडी थांबवून उतरलीही एक आयरिश बाईच, हे खरं आहे, आणि तरी मी बस टाळायचे, हेही खरं आहे.

म्हणून मला इंदूरमध्ये आशा कुठे दिसते, ते सांगताना मला सद्भावनेच्या गोष्टी सांगायच्या नाहीत. स्वच्छतेत २०१७ पासून पहिले, हेही सांगणार नाही. आमच्याकडे जगातल्या कुठल्याही प्रश्नावर कचरागाडीचं उदाहरण देतात. मला आठवतात ते मिलच्या झांक्यांचे, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथांचे, मांडव. अनंत चतुर्दशीच्या रात्री हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी अशा मिलच्या झांक्या निघतात, हलत्या पुतळ्यांच्या, दिव्यांच्या, सोबत आखाडे, आणि पहाटेपर्यंत सगळं शहर रस्त्यावर. दीड-दोन महिने आधी मांडवात वेल्डिंग सुरू व्हायचं. मामांच्या युनियनचे लाल झेंडेवाले, काँग्रेसच्या इंटक युनियनवाले, शाखेत जाणारे, मोटर बसवणारे मुसलमान मिस्त्री, सगळे तिथे. वर्षभर गेटावर एकमेकांविरुद्ध घोषणा द्यायचे. मांडवात राजकारण बंद नव्हतं बरं का! उलट तिथे यथेच्छ भांडत. पण रावणाचं दहावं डोकं फिरलं नाही तर पलीकडच्या मिलसमोर नाक सर्वांचंच कापलं जाणार होतं.

त्याच शहराने १९६२ मध्ये कम्युनिस्ट होमी दाजींना लोकसभेत पाठवलं होतं आणि १९८९ मध्ये प्रकाशचंद्र सेठींसारख्या माजी मुख्यमंत्र्याला पाडून सुमित्राताईंना पाठवलं. मतं बदलत गेली, मांडव तेच राहिले. मग मिल बंद पडल्या. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये गेली. मजुरांची थकबाकी, २२४ कोटी, मार्गी लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. झांक्या वर्गणी आणि मदतीवर अजून निघतात, पण मांडवात रोज भेटणारी माणसं पांगली. काका-मामांचा अबोला मी मोबाइलवर ढकलते, पण त्याची सुरुवात तिथे आहे. एकमेकांशिवाय अडायचं बंद झालं.

पसंतीक्रमाची पद्धत आपल्याला परकी नाही. राज्यसभेसाठी आमदार असंच १, २, ३ लिहितात. घटना समितीत लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी झाली तेव्हा बाबासाहेबांनी दोन आक्षेप घेतले होते: लोक निरक्षर आहेत आणि सरकारं डळमळतील. पहिला आक्षेप बराचसा जुना झालाय. दुसरा खरा आहे. इथे फेब्रुवारी २०२० ला मतदान झालं आणि सरकार बनायला जून संपत आला. पण लोकसभेची पद्धत उद्या बदलेल असं मी म्हणतच नाही. कॉलनीची समिती, गणेश मंडळ, मराठी वाचनालय, सहकारी पतपेढी, इथे कुणाची परवानगी लागते?

हे मी मागच्या खेपेला ओटल्यावर बोलले. गल्लीच्या गणेश मंडळाची पाच जणांची कार्यकारिणी दरवर्षी दोन गटांत ओढाताण करून ठरते, तीच क्रमांक लिहून निवडा, म्हटलं. मामांनी लगेच विचारलं, मोजणार कोण? काका म्हणाले, तुम्हीच मोजा, युनियनचा हिशेब ठेवलाय तुम्ही, पण आमचा एक माणूस शेजारी बसून टिपणार. मामांनी अट घातली की टिपणारा काकांनीच व्हायचं, दुसरा कुणी नको. मग कोट्याचा अपूर्णांक सोडायचा की धरायचा यावर दोघं असे काही भांडले की काकू आतून ओरडल्या, भजी गार होताहेत.