नाताळ, चेटकिणी आणि ‘युरोपचा सनातन धर्म’: एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

डिसेंबर उजाडला की मराठी समूहांमध्ये एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून युरोपात निसर्गपूजकांचा एक प्राचीन धर्म होता, चर्चने त्याच्या नव्वद लाख अनुयायांना चेटकिणी ठरवून जाळले आणि त्याचे सण चोरून त्यांना नाताळ व ईस्टर अशी नावे दिली, तो धर्म गुप्तपणे टिकून राहिला आणि आज ‘विक्का’ किंवा ‘पेगन’ या नावाने पुन्हा प्रकट झाला आहे, श्रद्धा पाहिल्या तर ख्रिस्ती धर्म म्हणजे त्याचीच नक्कल, आणि पेगन मंडळी म्हणजे युरोपातले हिंदूच. ही विधाने सुटी करून तपासली, तर काहींच्या बुडाशी थोडे तथ्य सापडते आणि काहींच्या बुडाशी काहीच सापडत नाही. एकत्र बांधल्यावर त्यांची जी गोष्ट होते, ती ख्रिस्ती लोकांवर जितका अन्याय करते तितकाच आजच्या पेगन लोकांवरही करते.

अखंड परंपरेचा दावा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर टेकलेले आहे. आज विक्का म्हणून ओळखला जाणारा पंथ जेराल्ड गार्डनर (1884–1964) यांच्यामुळे लोकांसमोर आला. गार्डनर यांचा उमेदीचा बराचसा काळ सिलोन आणि मलाया येथे गेला. मलायात ते जकात खात्यात होते. इंग्लंडला परतल्यावर, 1939 साली न्यू फॉरेस्ट भागातील एका गुप्त मंडळात आपल्याला दीक्षा मिळाली, असे ते सांगत. ब्रिटनमधला 1735 चा चेटूकविषयक कायदा 1951 साली रद्द झाला आणि 1954 साली गार्डनर यांनी आपल्या पंथाची ओळख करून देणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याला प्रस्तावना होती मार्गारेट मरे यांची. कोलकात्यात जन्मलेल्या या इजिप्तविद्येच्या अभ्यासक बाईंनी 1921 सालच्या ग्रंथात असे मांडले होते की, चेटकिणींच्या खटल्यांतील कबुलीजबाब हे एका जिवंत, संघटित, प्राचीन धर्माचे पुरावे आहेत. हे कबुलीजबाब पुष्कळदा छळ करून घेतलेले होते, आणि मरे यांनी त्यांतील हवेत उडण्यासारखे अशक्य तपशील गाळून उरलेला भाग वास्तव म्हणून मांडला होता. इतिहासकार नॉर्मन कोहन यांनी 1975 साली मूळ नोंदी शेजारी ठेवून हे दाखवून दिल्यावर त्या सिद्धान्तात फारसा जीव उरला नाही.

मग विक्काचे विधी आले कुठून? रोनल्ड हटन या इतिहासकाराने 1999 साली याचा सविस्तर माग काढला. फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाची दीक्षापद्धती, ॲलिस्टर क्रोली या इंग्रज गूढवाद्याचे लेखन, चार्ल्स लेलँड या अमेरिकी लेखकाने 1899 साली इटलीतील चेटकिणींचा म्हणून छापलेला मजकूर आणि इंग्रजी स्वच्छंदतावादी कवितेतील निसर्गदेवतांची ओढ, असे त्याचे धागेदोरे निघतात. गार्डनर यांच्या शिष्या डोरीन व्हॅलियंटी यांनी विधिग्रंथातील क्रोलींचे उतारे स्वतःच ओळखले होते, आणि त्यातील बराचसा भाग त्यांनी नव्याने लिहून काढला. पंथातील काही अत्यंत सुंदर गद्य या बाईंचे आहे, आणि ते विसाव्या शतकातले आहे. वर्षचक्रातील आठ सणांचीही गत तीच. अयनदिनांचे आणि ऋतुबदलांचे सण जुन्या युरोपात निरनिराळ्या जमातींत होते, परंतु हे आठही एकत्र साजरे करणारा एकही प्राचीन समाज माहीत नाही. ती मोट 1950 च्या दशकात बांधली गेली, आणि शरद संपाताच्या सणाला ‘मेबन’ हे नाव तर 1970 च्या दशकात एका अमेरिकी पेगन लेखकाने दिले.

युरोपात ख्रिस्तपूर्व धर्म नव्हतेच असा याचा अर्थ नाही. लिथुआनियाने अधिकृतपणे बाप्तिस्मा घेतला तो 1387 साली, म्हणजे बहमनी राज्य स्थापन होऊन चाळीस वर्षे उलटल्यावर. धर्मांतराच्या कामी तलवारही वापरली गेली. सॅक्सन या जर्मन जमातीविरुद्धच्या शार्लमेन या फ्रँक राजाच्या मोहिमा त्याला साक्ष आहेत. लोकाचारांत जुने अवशेष राहिले हेही खरे; पण ते पाळणारे शेतकरी स्वतःला ख्रिस्तीच समजत होते. जाणत्या पेगन लोकांनी हा इतिहास बहुतांशी स्वीकारलेला आहे. आपला धर्म नवा असल्याने तो खोटा ठरतो, असे त्यांना वाटत नाही. जुनेपणाचा हट्ट त्यांच्यापेक्षा आपल्याकडे मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनाच अधिक आहे.

नव्वद लाखांच्या आकड्याची जन्मकथा मासलेवाईक आहे. 1784 साली गॉटफ्रीड क्रिस्टियन व्होइग्ट नावाच्या जर्मन लेखकाने क्वेडलिनबुर्ग या एका गावातील थोड्या खटल्यांच्या नोंदी घेतल्या, त्यांना अनेक शतकांच्या आणि साऱ्या युरोपच्या लोकसंख्येच्या प्रमाणात गुणले आणि 94,42,994 हे उत्तर काढले. अखेरचे चारसुद्धा सुटले नाहीत! पुढे चर्चविरोधी लेखनातून हा आकडा फिरत राहिला, 1893 साली अमेरिकेतील मटिल्डा जॉस्लिन गेज यांनी तो स्त्रीहक्कांच्या बाजूने वापरला आणि नाझी प्रचारानेही तो उचलला. उपलब्ध कागदपत्रांवरून आजचे इतिहासकार साधारण 1450 ते 1750 या काळात 40 ते 60 हजार लोकांना देहदंड झाला असे मानतात. त्यांत सुमारे पाचवा हिस्सा पुरुष होते. इंग्लंडमध्ये अशा आरोपींना जाळत नसत, फाशी देत. पुष्कळ खटले चर्चच्या नव्हे तर राजसत्तेच्या किंवा गावच्या न्यायालयांत चालले, आणि ज्या स्पॅनिश धर्मन्यायालयाचे नाव या मजकुरात आवर्जून येते, त्याच्याच आलोन्सो दे सालासार या अधिकाऱ्याने 1610 नंतर बास्क प्रदेशात हजारो जबाब तपासून चेटकाचा काहीच पुरावा नाही असा अहवाल दिला. मुख्य म्हणजे, मारले गेलेले हे लोक कुठल्या प्राचीन धर्माचे हुतात्मे नव्हते. गाय आटली, मूल दगावले किंवा गारपीट झाली म्हणून शेजाऱ्यांनी बोट दाखवलेले ते बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्ती होते.

सणांच्या चोरीबाबत सांगायचे तर 25 डिसेंबर ही तारीख सूर्यदेवाच्या सणावरून घेतली, हे मत अभ्यासकांनीही मांडलेले आहे. ऑरेलियन या सम्राटाने 274 साली ‘अजिंक्य सूर्या’ची उपासना राजमान्य केली. पण 25 डिसेंबरला तो सण असल्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा 354 सालच्या रोमन पंचांगात आहे, आणि त्याच संग्रहात त्या दिवशी ख्रिस्तजन्माचीही नोंद आहे. तेव्हा कोणी कोणाचे घेतले हे त्या कागदावरून ठरत नाही. दुसरे मत असे की, ख्रिस्ताचा मृत्यू 25 मार्चला झाला आणि गर्भधारणाही त्याच तिथीची, या जुन्या गणितातून नऊ महिन्यांनी 25 डिसेंबर आले. नाताळाचे मूळ म्हणून सांगितला जाणारा सॅटर्नेलिया हा रोमन सण तर 17 डिसेंबरला सुरू होऊन नाताळाच्या आधीच आटोपत असे. नाताळाचे सजवलेले झाड हे सोळाव्या शतकातील आल्सेस प्रांतातले आहे. त्या वेळी तिथे पेगन कोणी उरले नव्हते.

ईस्टर म्हणजे बॅबिलोनची इश्तार, हे विधान मात्र निखालस चूक आहे. ते लोकप्रिय झाले एकोणिसाव्या शतकातील अलेक्झांडर हिस्लॉप यांच्यामुळे. हिस्लॉप हे पेगन नव्हते. ते स्कॉटलंडचे प्रोटेस्टंट पाळक होते आणि कॅथलिक चर्च मूर्तिपूजक आहे हे त्यांना सिद्ध करायचे होते. एका ख्रिस्ती पंथाने दुसऱ्यावर फेकलेला दगड आज ख्रिस्ती धर्मावरच फेकला जातो आहे. इऑस्त्रे नावाच्या देवीचा उल्लेख बीड या इंग्लिश भिक्षूने 725 साली केला आहे, पण तो एका महिन्याचे नाव समजावताना, आणि एवढाच. खुद्द सण ज्यू लोकांच्या वल्हांडणाशी बांधलेला आहे. गोव्यात त्याला आजही ‘पास्कांचें फेस्त’ म्हणतात. उसनवारी झालीच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. पोप ग्रेगरी यांनी 601 साली इंग्लंडला पाठवलेल्या पत्रात मूर्ती मोडा, पण देवळे पाडू नका, ती शुद्ध करून वापरा, असा स्पष्ट सल्ला आहे.

श्रद्धांच्या बाबतीत तर नक्कल म्हणावी असे फारच थोडे दिसते. ख्रिस्ती मतानुसार ईश्वर सृष्टीच्या बाहेरचा आहे आणि त्याने ती शून्यातून निर्माण केली; बहुतेक पेगन लोकांना देवत्व सृष्टीतच वसलेले दिसते, मग ते एक देवी आणि एक शृंगधारी देव असे असो वा अनेक दैवते असोत. ख्रिस्ती विचाराच्या केंद्रस्थानी पाप आणि ख्रिस्ताद्वारे तारण आहे. पेगन विचारात आदिपापच नाही, त्यामुळे तारणाची गरजही उद्भवत नाही. एकीकडे काळाला आरंभ आणि शेवट आहे, पुनरुत्थान एकदाच आहे. दुसरीकडे वर्षचक्र फिरत राहते. ख्रिस्ती मंडळींसाठी नायसियाचा मतांगीकार, म्हणजे चर्चने ठरवलेले श्रद्धेचे सूत्र, कबूल असणे महत्त्वाचे, तर पेगन मंडळात विधी नीट पार पडणे महत्त्वाचे. शेजारी उभा असलेला देवीला सत्य मानतो की प्रतीक, हे सहसा कोणी विचारत नाही. नीतीतही हाच फरक आहे: विक्कात कोणाला इजा न करता हवे ते करा हा मुख्य दंडक आहे, दशाज्ञांसारखी यादी नाही. पेगन लोक सैतानाची पूजा करतात हा उलट बाजूचा आरोपही फसतो, कारण सैतान हे पात्रच ख्रिस्ती कथेतले आहे.

राहिला ‘युरोपातले हिंदू’ हा मुद्दा. पेगन हे एका धर्माचे नावच नाही. विक्का, प्राचीन केल्ट पुरोहितांचे नाव घेणारे ड्रुइड, आइसलँडमध्ये 1972 साली स्थापन झालेला आणि पुढच्याच वर्षी सरकारमान्य झालेला, जुन्या नॉर्स देवांना मानणारा आसात्रू, लिथुआनियाच्या जुन्या दैवतांचा रोमुवा, ग्रीक दैवतांचे उपासक असे अनेक गट त्यात येतात आणि त्यांचे आपसांतही जमतेच असे नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत सुमारे 74 हजार लोकांनी पेगन असे लिहिले, आणि सुमारे 13 हजारांनी वेगळे विक्का असे. विक्कातील पुनर्जन्म आपल्याला ओळखीचा वाटतो हे खरे आहे, आणि तो आपल्याकडून गेला असण्याचा संभवही मोठा आहे. पण कुठल्या आदिम सामायिक धर्मातून नव्हे. कर्म आणि पुनर्जन्म या कल्पना पाश्चात्त्य गूढवाद्यांच्या घरोघरी पोहोचवण्यात 1875 साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटी या गूढवादी संस्थेचा मोठा वाटा होता, आणि तिच्या संस्थापकांनी 1879 साली आपले बिऱ्हाड हलवले ते मुंबईला.