खुडूक कोंबडीला पाण्यात बुडवू नका

खुडूक कोंबडीवरचा, म्हणजे अंडी द्यायचं थांबवून घरट्यातच बसून राहणाऱ्या कोंबडीवरचा, एक ‘हमखास उपाय’ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. मजकूर साधारण असा: खुडूक बसणं म्हणजे अंगात उष्णता वाढणं. कोंबडीला थंड पाण्यात बुडवा, नाकपुडीतून पीस आरपार घाला, तीन दिवस दाणापाणी बंद ठेवा. चौथ्या दिवशी अंडं देईल. हे जमत नसेल तर तशीच सोडा, 21 दिवसांनी आपणहून उठेल. परसात चार-पाच कोंबड्या पाळणारी माणसं हे वाचून खरंच तसं करतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी उष्णतेचं. निरोगी कोंबडीचं अंग मुळातच 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. खुडूक कोंबडी उचलून पोटाखाली हात घाला: पिसं गळून किंवा तिनेच उपटून छातीखाली उघडी, लालसर कातडी दिसेल. तिथे रक्तपुरवठा वाढलेला असतो, अंड्यांना थेट ऊब मिळावी म्हणून. हाताला चटका लागतो तो या कातडीचा. त्याला ताप समजू नये. खुडूकपणा हा आजारच नव्हे. मेंदूलगतच्या पिट्युटरी ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक जास्त स्रवू लागतं, अंडाशयाचं काम थांबतं आणि कोंबडी घरटं धरून बसते. तिथेच बसून राहिली की प्रोलॅक्टिन चढतं राहतं. घरटं तुटलं की उतरू लागतं. सगळा इलाज या एका गोष्टीत आहे.

आता पाणी. पोटाला थंडावा मिळायला हवा, इतपत त्या मेसेजमध्ये तथ्य आहे. पण तो वाऱ्याने द्यायचा. कोंबडीची पिसं बदकासारखी पाणी झटकत नाहीत. ती भिजून अंगाला चिकटतात आणि ऊब धरायची त्यांची ताकदच जाते. थंडीवाऱ्यात अशी कोंबडी गारठून मरू शकते. धडपडीत पाणी श्वासनलिकेत गेलं तर आणखी वाईट. भिजलेली कोंबडी काही वेळ घरट्यापासून लांब राहते खरी, पण अंग वाळलं की बहुधा परत तिथेच जाऊन बसते.

नाकपुडीत पीस घालण्यात तर काहीच अर्थ नाही. जखम होते, श्वास अडतो, जंतुसंसर्गाला वाट मिळते. खुडूकपणा नाकात नसतोच.

सगळ्यात घातक सल्ला दाणापाणी तोडण्याचा. खुडूक कोंबडी तशीही दिवसातून एखाद-दोनदाच उठते, घाईघाईने चार दाणे टिपते, पाणी पिते, एकच मोठी, उग्र वासाची विष्ठा टाकते आणि परत जाऊन बसते. तिचं वजन आधीच उतरलेलं असतं. आणि उपासाने अंडी सुरू होत नाहीत, बंद होतात. मोठ्या पोल्ट्रीत कळपाची अंडी थांबवून पिसं झडवायची असली की खाद्य तोडण्याची पद्धत वापरली गेली आहे, ती याच कारणाने. म्हणजे अंडं हवं म्हणून जे करायला सांगतात, त्यानेच अंडं लांबतं.

“21 दिवसांनी उठेल” हेही अर्धवट खरं आहे. 21 दिवस हा पिल्लं बाहेर येण्याचा काळ. अंडी फलित असतील तर पिल्लांच्या आवाजाने आणि स्पर्शाने तिचं लक्ष बसण्यावरून त्यांच्याकडे वळतं. खाली काहीच नसेल, किंवा कळपात कोंबडा नसल्याने अंडी फलितच नसतील, तर ती त्यापुढेही कित्येक दिवस बसू शकते. मातीत लोळणं बंद, त्यामुळे अंगावर उवा आणि माइट नावाचे बारीक किडे वाढतात. शिवाय बाकीच्या कोंबड्या ती बसली असते त्याच अंड्यांच्या पेटीत अंडी घालतात आणि गर्दीत ती फुटतात.

म्हणून पहिल्याच दिवशी ठरवा: पिल्लं हवीत की अंडी? पिल्लं हवी असतील तर तिला वेगळ्या, शांत जागी हलवा आणि तिच्या पंखांखाली मावतील तेवढी फलित अंडी एकाच दिवशी ठेवा. पेन्सिलीने खूण करा, म्हणजे नंतर कुणी घातलेलं अंडं ओळखून काढता येईल.

पिल्लं नको असतील तर तळाला जाळी असलेला पिंजरा घ्या आणि विटांवर उंच ठेवा, म्हणजे खालून वारा खेळेल. आत भुसा, गवत, पोतं काही नको. उजेड हवा, सावली हवी, दाणा-पाणी भरपूर हवं. रात्रीही तिथेच. बहुतेक कोंबड्या तीन-चार दिवसांत खुडूकपणातून सुटतात. जितक्या लवकर कराल तितकं सोपं. मग मोकळी सोडून बघा. इतरांबरोबर माती उकरू लागली तर झालं. तडक पेटीकडे धावली तर आणखी एक-दोन दिवस पिंजऱ्यात.

चौथ्या दिवशी अंडं मात्र मिळणार नाही. अंडाशय पुन्हा कामाला लागायला साधारण एक ते तीन आठवडे जातात. चांगलं खाद्य द्या, शिंपल्यांचा चुरा ठेवा आणि तुऱ्याकडे लक्ष ठेवा. फिकट पडलेला तुरा परत लालभडक होऊ लागला की अंडं जवळ आलंय.