उतारावरचे आईबाप

लहान मुलांना बर्फावरून घसरायला शिकवावं लागत नाही, ते त्यांना येतंच. शिकवावं लागतं ते थांबायला. आता थांबणं ही गोष्ट मुलांना घरात, दारात, खेळताना, भांडताना कधीच मान्य नसते. पण पायाला दोन गुळगुळीत पट्ट्या बांधून उताराच्या तोंडाशी उभं केलं की ती त्यांना एकदम पटेल, या आशेवर लहान मुलांच्या स्कीइंगचा सगळा डोलारा उभा आहे.

थांबणं फार पुढचं. आधी सुरुवात व्हायला हवी, आणि त्यासाठी मुलं कपड्यांच्या आत जायला हवीत. जाहिरातीत मूल थेट उतारावर असतं, दात दाखवत. त्याला कपडे चढवतानाचा फोटो कुणी छापत नाही, कारण तो छापला तर हा खेळच बंद पडेल. आत थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर खांद्यावरून पट्टे असलेली जाड पँट, त्यावर जाकीट, गळ्यात कापडी नळी (मफलर नको, तो उतारावर चढवणाऱ्या लिफ्टमध्ये अडकू शकतो), डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल. गॉगल आणि हेल्मेटमध्ये फट ठेवायची नाही, नाहीतर तेवढंच कपाळ गारठतं. शिवाय सनस्क्रीन. बर्फात कसलं आलंय ऊन, असं मीही म्हणत असे. पण ताजा बर्फ अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि उंची १००० मीटर वाढली की हे किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. म्हणजे ऊन वरून येतं तसं खालूनही येतं, आणि सनस्क्रीन हनुवटीखाली, नाकपुड्यांखालीही लावावं लागतं. नाकपुडीला बोट लागलं की मूल शिंकतं. सनस्क्रीन मग माझ्या गॉगलवर.

मोजा एकच, आणि तोही पातळ. इथे प्रत्येक आईच्या काळजाला घरं पडतात. एवढी थंडी आणि एकच मोजा? पण दोन मोजे घातले की आत चुण्या पडतात, पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्तच गार पडतात. हे शास्त्र मला पाठ आहे, तरी दुसऱ्या मोज्याची जोडी माझ्या खिशात असतेच.

हातमोजे मात्र चारी बोटं एकाच पिशवीत जाणारे घ्यावेत, पाच बोटांचे घेऊन दिवस घालवू नये. अंगठ्याचं घर तेवढं वेगळं असतं, आणि मुलाचा अंगठा त्या घरात राहायला तयार नसतो. बाहेरून चाचपून बघावं तर घर रिकामं. "अंगठा कुठेय?" "आत." "आत कुठे?" "बोटांबरोबर." मग मोजा काढा, अंगठा एकटा उभा करा, मोजा ओढा, मनगटाची पट्टी आवळा, वरून जाकिटाची बाही बसवा, आणि दुसऱ्या हाताकडे वळा. तोवर पहिल्या हातातला अंगठा परत मित्रमंडळीत गेलेला असतो.

आणि मग सगळं झाल्यावर, शेवटची चेन गळ्यापर्यंत ओढल्यावर, हेल्मेटच्या आतून आवाज येतो: "आई, शू."

यावर नवऱ्याचा सल्ला होता की कपडे चढवायच्या आधीच विचारायचं. आधी विचारलं तर नसते हो लागलेली! शू कपड्यांमुळेच लागते, हे त्याला अजून समजलेलं नाही.

बुटांबद्दल थोडं सांगायलाच हवं. कपड्यांत "वाढत्या अंगाचं" घेण्याची आपली सवय इथे कामाची नाही. स्कीचा बूट कडक प्लास्टिकचा असतो आणि मापाचाच हवा. सैल बुटात पाय वळतो, बूट वळत नाही, मग स्की कशी वळणार? मुलांचे पाय तर एका मोसमात वाढतात, म्हणून शहाणी माणसं बूट भाड्याने घेतात. घालताना मूल बोटं आखडून घेतं आणि "गेला पाय" म्हणून मोकळं होतं. त्यावर उपाय म्हणजे टाच जमिनीवर आपटायला लावायची. आपटायचं काम मुलांना आवडतं, त्यामुळे टाच बसल्यानंतरही बराच वेळ ते चालू राहतं.

इथून उतारापर्यंत स्की मुलांच्या आणि खांदे आमचे. मुलांना काठ्या देत नाहीत, हे एक बरं. तोल पायांनी सावरायला शिकावा म्हणून देत नाहीत म्हणे. दोन भावंडांच्या हातात टोकदार काठ्या देऊ नयेत, याला मला तरी वेगळ्या कारणाची गरज वाटली नाही.

थोरलीला स्की नको, स्नोबोर्ड हवा होता. कारण धाकट्याला स्की मिळाल्या होत्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला सहसा आधी स्कीवरच उभं करतात: तोंड समोर, पाय मोकळे, एक सटकला तर दुसरा आहे. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले, अंग आडवं, आणि पडायला दोनच जागा, पुढे गुडघे नाहीतर मागे बूड. मागे पडताना हात आपसूक टेकला जातो आणि मनगट दुखावतं, म्हणून मनगटाला आधाराचे पट्टे लावतात आणि मुठी मिटून पडायला शिकवतात. थोरलीने हे इतकं मनावर घेतलं, की त्या दिवसापासून ती धाकट्याशी मुठी मिटूनच बोलते.

स्नोबोर्डवर डावा पाय पुढे असला तर रेग्युलर, उजवा असला तर गूफी. कोणता ते ठरवायला मुलाला मोजे घालून फरशीवर धावत येऊन घसरायला सांगायचं; जो पाय आपणहून पुढे येतो तो आपला. थोरली एकदा डाव्यावर घसरली, एकदा उजव्यावर, आणि मग बसून. नवरा म्हणाला, हिचा कल तिसऱ्याकडे दिसतो.

या फळीचा उगम कळल्यापासून मात्र मला तिच्याबद्दल आपुलकी वाटते. १९६५ सालच्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थांनी दोन स्की एकमेकींना जोडून मुलींसाठी एक फळी तयार केली. बायको गरोदर होती, मुलींनी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि यांना जरा बाहेर न्या, असं तिचं म्हणणं होतं. फळीचं "स्नर्फर" हे नावही तिनेच ठेवलं. पुढे या प्रकाराचा स्नोबोर्ड झाला आणि १९९८ साली नागानोच्या ऑलिंपिकमध्ये जाऊन पोचला. खेळाडूंच्या जिद्दीबद्दल खूप बोललं जातं. मला त्यात एका वैतागलेल्या बाईचं "अहो, न्या यांना" ऐकू येतं.

तर थांबणं. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब केली की त्रिकोण होतो आणि वेग कमी होतो. ऑस्ट्रियात हान्नेस श्नायडर यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला पायऱ्यापायऱ्यांनी स्कीइंग शिकवण्याची जी पद्धत बसवली, तिच्यातही सुरुवात याच पवित्र्याने होते. लहान मुलांना तो समजावा म्हणून आता त्याला पिझ्झा म्हणतात, आणि स्की समांतर ठेवून सुटायचं त्याला फ्रेंच फ्राइज. कल्पना झकास. फक्त आपण वरून "पिझ्झा! पिझ्झा!" असं जिवाच्या आकांताने ओरडत असतो आणि खाली जाणारं मूल मान वळवून विचारतं, "कुठेय?" मान वळली की अंग वळतं, अंग वळलं की स्की वळते, आणि मूल शेजारच्या जाळीत जाऊन थांबतं. म्हणजे पद्धत लागू पडते.

टोकं फाकू नयेत म्हणून ती जोडणारी एक रबरी पट्टी मिळते. मुलाच्या कमरेला बांधायचा पट्टा आणि मागे धरायची दोरीही मिळते. दोरी धरणारा माणूस मुलाला आवरतो, अशी त्यामागची कल्पना. आमच्याकडे ती नवऱ्याने धरली. ते दोघं खाली पोचले तेव्हा कोण कुणाला आवरत होतं हे सांगणं अवघड होतं; पण धाकटा उभा होता.

शेवटी मुलांना प्रशिक्षिकेच्या हवाली केलं. ज्याला परवडेल त्याने पहिल्या दिवसापासून हेच करावं, हे माझं स्पष्ट मत आहे. माझं एक वाक्य न ऐकणारी मुलं तिने नुसतं बोट दाखवलं की रांगेत उभी राहतात. ती त्यांना "गुडघे वाकवा, हात पुढे" एवढंच सांगते. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, ते मागे रेललं की सगळंच मागे जातं. मी हेच गेले कित्येक तास सांगत होते, पण आईने सांगितलेलं शास्त्र नसतं, कटकट असते.

मुलांना या खेळात सगळ्यात आवडतं ते मॅजिक कार्पेट, म्हणजे उतारावर चढवत नेणारा सरकता पट्टा. नुसतं उभं राहायचं. धाकट्याच्या मते स्कीइंग म्हणजे हाच पट्टा. खाली घसरणं हा पुन्हा पट्ट्यापाशी पोचायचा रस्ता. चेअरलिफ्टचं, म्हणजे तारेवर लटकत वर जाणाऱ्या खुर्च्यांचं, मात्र मला भय वाटतं. पहिली चेअरलिफ्ट १९३६ साली अमेरिकेत सन व्हॅली इथे चालू झाली, आणि जेम्स करन या इंजिनिअरला ती सुचली जहाजात केळ्यांचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून. आकड्याला घड लटकवायचा, तशी खुर्चीत माणसं. हे वाचल्यावर खूप गोष्टींचा उलगडा झाला. केळी गप्प बसतात. खुर्चीची अडसराची दांडी खाली घ्यायच्या आत ती खाली वाकून "आई, माझी स्की हलतेय बघ" म्हणत नाहीत.

स्की सुटते तेव्हा तो दोष नसतो, तसं तिने सुटायलाच हवं. ठरावीक जोर पडला की बूट मोकळा करणारं बाइंडिंग (बूट स्कीला जोडणारा खटका) यॅल्मार व्हाम या स्कीपटूने पाय मोडून हॉस्पिटलात पडल्यापडल्या योजलं, १९३७ सालची गोष्ट. पाय वाचतो, आईची कंबर नाही. सुटलेली स्की परत लावायची म्हणजे आधी बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ खरवडायचा, नाहीतर खटका बसत नाही. आपण गुडघ्यावर बसून एका हाताने चिमुकला बूट धरायचा, दुसऱ्याने खरवडायचं, आणि मुलाने तोल जाऊ नये म्हणून आपलं हेल्मेट धरायचं. बूट स्वच्छ झाला की मूल तो परत बर्फात टेकवतं.

प्रशिक्षिकेकडे नियमही शिकवतात. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे दहा नियम १९६७ पासून आहेत, आणि त्यांतला तिसरा असा की मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही अशी वाट निवडायची. धाकट्याला हा एकच नियम पाठ झाला. परवा तो उताराच्या ऐन अरुंद जागी बसून बर्फ खात होता. मी वरून पिझ्झा करत, पिझ्झा मोडत, त्याच्या नावाने ओरडत आले आणि कशीबशी नवऱ्याला धरून थांबले.

"मध्ये काय बसलास? ऊठ!"

"मी पुढे आहे," तो म्हणाला. "तू मागून आलीस. वाट तू बघायची."

मी सहावा नियम काढला: अरुंद जागी थांबायचं नाही, पडलं तर लगेच बाजूला व्हायचं.

"सहावा आम्हाला अजून शिकवला नाहीये," असं म्हणून त्याने दुसऱ्या हाताने बर्फ उचलला.