दार उघडताच येणारा वास एसीचा नाही: एका स्टारच्या अभिप्रायाला गॅरेजचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय पूर्ण वाचला. इतर वाचणाऱ्यांनाही विषय कळावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. एसीतून कुबट वास येतो म्हणून तुम्ही गाडी आमच्याकडे दिलीत. आम्ही नुसता फोम मारला, धुऊन चालला असता तो फिल्टर उगाच बदलला, गॅसला हात लावला नाही आणि तरी पूर्ण बिल घेतलं. काही दिवस बरे गेले, मग पाऊस झाला आणि वास परत आला. आता तर एसी लावायचीही गरज नाही, सकाळी नुसतं दार उघडलं तरी नाकाला झोंबतो. वर आम्ही डॅशबोर्ड खोलायची भाषा करून मोठ्या खर्चात पाडायला बघत होतो. आणि ‘एसी बंद करून चालवा’ असा सल्ला द्यायचा तर मग एसी कशाला, हा तुमचा शेवटचा प्रश्न.

यातलं ‘नुसतं दार उघडलं तरी’ हे वाक्य माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे. गाडी आणलीत तेव्हा तुम्ही सांगितलेली तक्रार वेगळी होती: एसी सुरू केला की पहिली दोन-तीन मिनिटं वास येतो, मग कमी होतो, आणि सिग्नलला उभं असताना मधूनच पुन्हा एक भपकारा येतो. ती तक्रार ऐकली की कोणताही एसीवाला सांगेल, कॉइल. आताची तक्रार ऐकून मी कॉइल म्हणणार नाही.

का, ते सांगतो. डॅशबोर्डच्या आत जी कूलिंग कॉइल असते ती एसी चालू असताना शून्याच्या काही अंशच वर असते. त्याहून खाली गेली तर तिच्यावर बर्फ धरेल, म्हणून बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर मध्येच आपोआप बंद होतो. अशा गार कॉइलवरून गाडीतली दमट हवा गेली की तिच्यातलं पाणी कॉइलवरच सुटतं. ते ट्रेमध्ये जमून ड्रेन पाइपातून गाडीखाली पडतं. दमट दिवशी उभ्या गाडीखाली थारोळं दिसतं ते हेच पाणी, आणि ते दिसलं तर काळजी नको. दिसलं नाही तर काळजी करा. कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पात्या इतक्या जवळजवळ असतात की गाडी बंद केल्यावर मधलं पाणी लवकर सुकत नाही. त्यात हवेबरोबर आलेली धूळ, केस, फुलांचे पराग चिकटतात. अंधार, ओल आणि खायला मळ, एवढ्यावर बुरशी आणि जिवाणू आरामात वाढतात आणि पात्यांवर बुळबुळीत थर धरतात. कॉइल सुकत असते किंवा नुकती पुन्हा ओली होत असते तेव्हा तो वास हवेत सुटतो. म्हणूनच एसी लावल्या लावल्या येतो, आणि कॉम्प्रेसर मध्ये थांबला की पुन्हा येतो. तुमचं पहिलं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळत होतं.

त्याप्रमाणे आम्ही काम केलं. फिल्टर काढून ब्लोअरच्या, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, बाजूने कॉइलपर्यंत नळी घातली आणि फोम सोडला. तो पात्यांच्या फटींत फुगतो, मळ सैल करतो आणि पातळ होऊन ड्रेन पाइपातून खाली येतो. पाइपाचं तोंड अर्धं बुजलेलं होतं, तेही मोकळं केलं आणि गाडीखाली काळपट पाणी पडताना तुम्हाला बोलावून दाखवलं. तुम्ही लिहिलंय की ‘परफ्युम मारून दिला’. तो फोमचाच वास होता, दोन दिवसांत जातो. आम्ही एसीत सुगंधी काही मारत नाही, कुणी मागितलं तरी नाही. वासावर वास चढवला की दोन्ही मिळून तिसरंच काहीतरी होतं, आणि खरा वास कुठून येतो ते शोधणं आणखी अवघड होतं.

फिल्टरबद्दल. कागदाचा केबिन फिल्टर धुता येत नाही. धुतला की कागदाच्या घड्या बसतात, हवा अडते, आणि तो आत बसवल्यावर कित्येक दिवस ओला राहतो. म्हणजे ओला टॉवेल घडी करून कपाटात ठेवल्यासारखं. तुमचा जुना फिल्टर काळा पडून एका कोपऱ्यात ओलसर झाला होता. तो परत घातला असता तर साफ केलेल्या कॉइलवर पहिल्याच दिवशी तोच मळ गेला असता. बदललेला फिल्टर कोळशाचा आहे. साधा फिल्टर धूळ अडवतो, कोळशाचा बाहेरचा धूर आणि वासही बराचसा शोषतो. पण तो कॉइलच्या आधी असतो, त्यामुळे कॉइलवरच तयार होणारा वास तो थांबवू शकत नाही. हे विकणारे कुणी सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

गॅसला हात लावला नाही, हे खरं आहे, आणि लावायचं कारणही नव्हतं. एसीचं सर्किट बंदिस्त असतं. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला तर तो कुठेतरी गळला आहे. तुमच्या गाडीचे दोन्ही बाजूंचे प्रेशर बरोबर होते आणि हवा व्यवस्थित गार येत होती. गॅस कमी असेल तर गारवा कमी होतो, कुबट वास येत नाही. किती भरायचा याचं वजन बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. जास्त भरला तर प्रेशर चढतं आणि उलट गारवा कमी होतो. वासाच्या तक्रारीवर जो ‘आधी गॅस भरून बघू’ म्हणतो त्याच्याकडून गाडी परत घ्या, असा माझा साधा सल्ला आहे.

आता दार उघडताच येणाऱ्या वासाकडे येतो. एसी बंद, ब्लोअर बंद, रात्रभर गाडी उभी, आणि तरी आत कुबट वास भरलेला असेल तर ओल केबिनमध्येच आहे. बहुतेक वेळा ती कार्पेटच्या खाली निघते. वरचं मॅट आणि कार्पेट हाताला कोरडं लागतं, पण त्याखाली नमद्यासारखा किंवा फोमचा जाड थर असतो, तो पाणी धरून बसतो आणि आपोआप वाळत नाही. गाडी आमच्याकडे होती तेव्हा पाऊस नव्हता आणि डाव्या-उजव्या पायाखालचं कार्पेट आम्ही दाबून पाहिलं तेव्हा कोरडं होतं. वास पावसानंतर सुरू झाला, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे पाणी बाहेरून येतंय अशी माझी दाट शंका आहे.

येण्याच्या वाटा ठरलेल्या असतात. पुढच्या काचेखाली वायपरच्या जाळीत पाला साचतो, तिथला निचरा बुजला की पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत उतरतं. दाराच्या आतल्या पॅडमागे एक पातळ प्लास्टिकचा पडदा असतो. स्पीकर किंवा काचेचं काम करताना तो फाटला किंवा नीट चिकटवला नाही की दारात आलेलं पाणी खाली न जाता केबिनमध्ये झिरपतं. सनरूफ असेल तर त्याच्या चार कोपऱ्यांतल्या नळ्या. पुढची काच बदललेली असेल तर तिचं सील. आणि पाऊस नसतानाही एसीच्या दिवसांत ओल सापडली तर ड्रेन पाइप पुन्हा बुजलाय, कारण मग ट्रेमधलं पाणी पायात सांडतं. एक गोष्ट घरीच बघा: ओल असेल त्या जागी टिश्यू पेपर दाबा. पाणी स्वच्छ असेल तर वरच्यापैकी काहीतरी. चिकट, रंगीत आणि वास गोडसर असेल, काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल, तर ते इंजिनचं कूलंट आहे आणि हीटरची कॉइल गळते आहे. तसं असेल तर गाडी चालवण्याआधी फोन करा.

डॅशबोर्डबद्दल तुम्ही फार रागाने लिहिलंय, पण आमचे शब्द आठवून बघा. फोमने नाही गेला तर शेवटचा उपाय म्हणून कॉइल बाहेर काढावी लागते, असं सांगितलं होतं. त्यासाठी गॅस मशीनने काढून घ्यायचा, पाइप सोडवायचे, ओ-रिंग नव्या घालायच्या, व्हॅक्यूम करून गॅस वजनाने भरायचा, आणि मध्ये पूर्ण डॅशबोर्ड उतरवायचा. क्लिपा तुटतात, नंतर खडखड सुरू होते, ग्राहक आम्हालाच बोलतो. मला स्वतःला हे काम आवडत नाही. आणि तुमचं नवीन वर्णन वाचून आज मी स्पष्ट सांगतो, कुणीही कितीही आग्रह केला तरी आत्ता डॅशबोर्ड खोलू नका. तो खर्च वाया जाईल.

कुणीतरी तुम्हाला ओझोन मशीन, म्हणजे ओझोन वायू सोडून वास मारणारं यंत्र, लावायला सांगितलंय, तेही आत्ता नको. ओझोन वासाचे घटक जाळतो हे बरोबर, पण कार्पेटखालचं पाणी तो सुकवत नाही आणि कॉइलवरचा थरही काढत नाही. वारंवार वापरला तर रबर कडक होतं. शिवाय तो फुफ्फुसांना त्रासदायक असतो. मशीन चालू असताना गाडीत कुणी बसायचं नाही आणि नंतर दारं उघडून हवा खेळवायची. आधी पाणी थांबवा, सगळं वाळवा, मग उरलेल्या वासासाठी विचार करू. डॅशबोर्डवरच्या एसीच्या जाळीतून मारायच्या स्प्रेचंही तेच. जाळी हवेच्या वाटेच्या शेवटी आहे, कॉइल अलीकडे राहते.

‘एसी बंद करा’ हा सल्ला पूर्ण प्रवासाचा नव्हता. पोहोचायच्या तीन-पाच मिनिटं आधी फक्त एसीचं बटण बंद करायचं, ब्लोअर चालू ठेवायचा आणि बाहेरची हवा आत घ्यायची, एवढंच. कॉइल गार राहत नाही, तिच्यावरून वारा जातो आणि ती बरीच सुकते. काही नव्या गाड्या हे स्वतःच करतात, गाडी लॉक केल्यावर काही वेळाने ब्लोअर आपोआप फिरतो आणि लोक घाबरून आम्हाला फोन करतात. फार दमट हवेत याचा उपयोग कमी होतो, हेही मान्य. पण कायम आतलीच हवा फिरवत छोटे-छोटे फेरे मारणाऱ्या गाडीची कॉइल कधीच सुकत नाही, आणि तुमचा वापर तसाच आहे असं तुम्ही सांगितलं होतं.

मुलीला गाडीत शिंका येतात असं लिहिलंत. बुरशीने ॲलर्जी आणि दमा वाढू शकतो, म्हणून ओल निघेपर्यंत तिला बसवण्याआधी चारही दारं थोडा वेळ उघडी ठेवा आणि प्रवासात बाहेरची हवा चालू ठेवा. श्वासाला त्रास होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, ते आमच्या अखत्यारीतलं नाही.

केलेल्या कामाचे पैसे परत करणार नाही, कारण कॉइल, ड्रेन आणि फिल्टर यांचं काम झालं आहे आणि सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांचा तो वास परत आल्याचं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. पण ओल शोधण्याचे पैसे घेणार नाही. कार्पेट उचलून, काचेखाली आणि दारांवर एकेक करून पाणी सोडून तुमच्यासमोर बघू. वाट सापडली की दुरुस्तीचा आकडा आधी सांगू, मग तुम्ही ठरवा. दुसरीकडे करून घेतलंत तरी हरकत नाही.

शक्यतो पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी या. आधी गाडी उन्हात वाळवू नका, आतून धुऊन आणू नका. आणि डॅशबोर्डवरची ती सुगंधी बाटली आदल्या दिवशीच काढून ठेवा. आमचा मुलगा ओल नाकाने शोधतो, बाटली असली की त्याला काही सुचत नाही.