माहिती मागितली म्हणून बागेचं काम थांबत नाही

काल रात्री जेवताना आई म्हणाली, "अगं, तो तुझा अर्ज मागे घे बाई, त्याच्यामुळे बागेचं काम अडलंय म्हणतात." तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आलाय, गावातल्या निम्म्या ग्रुपवर तोच फिरतोय. त्यात म्हटलंय की बाग ही नगरपरिषदेची जबाबदारीच नाही, वरून निधी आला तर होते; पावसाळ्यात आणि आचारसंहितेत काम करता येत नाही; आणि कुणीतरी माहिती अधिकार टाकल्यामुळे कायद्यानेच काम बंद ठेवावं लागलंय, तेव्हा नागरिकांनी अर्ज करू नयेत. मागच्या दिवाळीत बागेला निळे पत्रे ठोकले, तेव्हापासून गुडघ्याचं ऑपरेशन झालेली माझी आई सकाळी मेन रोडच्या कडेने चालते, डंपर अगदी अंगाजवळून जातात, आणि आता तिलाच वाटायला लागलंय की चूक आपल्या घराची आहे. म्हणून लिहितेय.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो धडधडीत खोटा आहे आणि लोक घाबरतात तेही त्यालाच. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा, त्याचं कलम २ (ञ) काढून वाचा. माहितीचा अधिकार म्हणजे काय हे तिथे सांगितलंय, आणि त्यात कागदांच्या प्रती तर आहेतच, पण त्याआधी कामाची पाहणी करणं आहे, आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेणंसुद्धा आहे. म्हणजे काम चालू असतानाच तिथे जाऊन सिमेंट-वाळूचा नमुना मागता येतो! ज्या कायद्यात चालू काम बघायचा हक्क दिलाय तोच कायदा काम बंद करायला कसा सांगेल? अर्ज आला की काम थांबवा असं एकही कलम त्यात नाही. "काम सुरू आहे म्हणून माहिती देता येत नाही" असंही कलम ८ मधल्या अपवादांत कुठे नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मी मागितलं काय, तर अंदाजपत्रक, कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेलं पत्र, काम पूर्ण करायची मुदत आणि झालेल्या कामाची मापं लिहितात त्या मोजमाप पुस्तिकेच्या प्रती. एवढ्या चार कागदांनी गवंड्याचा हात कसा काय थांबतो ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

जबाबदारीचं म्हणाल तर १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली, नगरपालिकांकडे सोपवायचे १८ विषय त्यात आहेत, आणि त्यातला बाराव्या क्रमांकाचा विषय म्हणजे उद्यानं, बागा, क्रीडांगणं. विषय संपला.

आचारसंहितेत नवीन काम सुरू करता येत नाही, प्रत्यक्ष जागेवर सुरू झालेलं काम चालू ठेवता येतं. आमच्याकडे आधी बागेतला चालायचा जुना ट्रॅक उखडला, पत्रे लावले आणि मग निवडणूक लागली.

पावसाळ्याचं मात्र थोडं खरं आहे, ते मान्य करते. भर पावसात ट्रॅकचं खोदकाम केलं तर पाणी साचतं, पेव्हर ब्लॉक खालची भर बसत नाही आणि पुढच्या वर्षी ब्लॉक खचतात. पण झाडं लावायला तर पावसाळाच लागतो ना, ती कुठे लावली? आणि दिवाळीपासून जूनपर्यंत कोरडे महिने होते त्यांचं काय? पत्र्याच्या फटीतून बघा, पेव्हर ब्लॉकचा ढीग आहे तसाच पडलाय, त्याच्यातून आता कमरेएवढं गवत आलंय. घसरगुंडीचा पत्रा खालच्या टोकाला फाटून वर आलाय, धार लागलीय त्याला, आणि शेजारच्या गल्लीतली पोरं पत्र्याखालून सरपटत जाऊन त्याच घसरगुंडीवर खेळतात. तेवढा पत्रा बदलायला ना निधी यायला लागतो ना पाऊस थांबायला लागतो, वेल्डिंगवाला अर्ध्या दिवसात करून देईल.

गेली तीन-चार वर्षं नगरसेवक नव्हते, प्रशासकच कारभार बघत होते, त्यामुळे विचारायचं कुणाला हा प्रश्न होता, हेही खरं. पण तेव्हा तर विचारायची गरज जास्तच होती.

आईला मी सगळं कलम वाचून दाखवलं. अर्ज मागे घेणार नाहीये. ३० दिवसांची मुदत येत्या गुरुवारी संपतेय, उत्तर नाही आलं तर शुक्रवारी पहिलं अपील टाकणार आहे, आणि आई म्हणाली ती पण येतेय सोबत. ज्यांना तो मेसेज आलाय त्यांनी निदान पुढे तरी पाठवू नका.