मुलीने सांगायचं कुणाला?

साताऱ्याहून वहिनीचा फोन आला की आधी पाऊसपाणी, मग घरच्यांची खुशाली. या वेळी तिने थेट विचारलं, "तुमच्याकडे ऑस्ट्रेलियात सोळाच्या आतल्या पोरांना सोशल मीडिया बंद केला ना? मग आपल्याकडे का करत नाहीत?" भाचीच्या वर्गातल्या एका मुलीचा स्नेहसंमेलनातला फोटो कुणीतरी एआयच्या ॲपमध्ये घातला, तिला विवस्त्र दाखवलं आणि ते चित्र व्हॉट्सॲपवर वर्गभर फिरवलं. मुलगी नववीतली. घरच्यांनी पहिलं काय केलं, तर तिचाच फोन काढून घेतला आणि तिचाच क्लास बंद केला.

मी मेलबर्नला राहते, माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. 10 डिसेंबर 2025 पासून इथे 16 वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅटवर खातं ठेवता येत नाही. कंपनीने हयगय केली तर 4.95 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड आहे. मुलांना आणि पालकांना शिक्षा नाही. हा कायदा मला हवाच होता. गोवा सरकारही अशा बंदीचा विचार करतंय, हे वाचून बरं वाटलं.

तरीही वहिनीला "हो, करायलाच हवं" म्हणून मोकळं होता येईना. बंदी आहे ती खात्यांवर, आणि व्हॉट्सॲप तर त्यातून वगळलेलंच आहे. आपल्याकडे शाळेचा गृहपाठसुद्धा व्हॉट्सॲपवर येतो, तोही बऱ्याच घरांत आईच्या फोनवर. तिथे वय तपासायचं कुणाचं? शिवाय चेहरे आपणच वाटतो. दहावीचा निकाल लागला की क्लासचे फ्लेक्स चौकाचौकात लागतात, स्नेहसंमेलनाचे फोटो शाळेच्या फेसबुक पानावर चढतात. असं चित्र बनवायला एक स्पष्ट चेहरा पुरतो.

इथे हे घडत नाही असं अजिबात नाही. जून 2024 मध्ये मेलबर्नजवळच्या बॅकस मार्शमध्ये एका शाळेतल्या सुमारे 50 मुलींची अशी चित्रं पसरवली गेली. तेव्हा मी कितीतरी रात्री नीट झोपले नव्हते. पण इथे 2015 पासून ई-सेफ्टी आयुक्तांचं, म्हणजे ऑनलाइन सुरक्षेचं सरकारी कार्यालय आहे. मुलगी तिथे स्वतः तक्रार करू शकते, आणि ते कार्यालय 24 तासांत चित्र उतरवण्याची नोटीस काढू शकतं. याच कार्यालयाने कारवाई केल्यावर, फोटोतले कपडे उतरवणाऱ्या तीन वेबसाइटनी 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातून काढता पाय घेतला. त्यांना इथून महिन्याला सुमारे 1 लाख भेटी होत होत्या. मला भारतात पाठवायचं आहे ते असं कार्यालय. बंदी त्यानंतर आली तरी चालेल.

भारतात काहीच नाही असंही नाही. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी पॉक्सो कायदा आहे, 1098 ही बालकांची हेल्पलाइन आहे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न सांगता तक्रार करता येते. वहिनीला यातलं एकही ठाऊक नव्हतं, आणि ती स्वतः शिक्षिका आहे. मुलीला तर त्याहून मोठी भीती: सांगितलं तर फोन जाईल, शाळा सुटेल, कदाचित लग्नाचंही बोलणं सुरू होईल. ही भीती असेपर्यंत तक्रार करणार कोण?

काल वहिनीचा मेसेज आला. ती मुख्याध्यापकांना भेटून आली, शाळेच्या पानावरचे फोटो उतरवले गेले, पोर्टलवर तक्रारही गेली. त्या मुलीचा फोन मात्र अजून वडिलांच्या कपाटात आहे.