भिंतीवरचं बटण

काल रात्री आमचा कॉम्प्युटर बंद करण्यात आला. शटडाऊन वगैरे नाही, थेट भिंतीवरचं बटण. तेही अपडेट चालू असताना. पडद्यावर ठळक लिहिलं होतं, बंद करू नका. पण ते वाचायला पडद्याकडे बघावं लागतं. आप्पांनी स्विचबोर्डाकडे बघितलं.

आप्पा म्हणजे बायकोचे नागपूरचे थोरले काका. पुण्यात दोन दिवसांसाठी आलेत, असं म्हणायची पद्धत आहे.

"जावईबापू, ते यंत्र रात्रभर घूं घूं करून राहिलं होतं. म्हटलं, विसरले असतील."

"विसरलो नव्हतो आप्पा, मुद्दाम ठेवला होता चालू."

"मुद्दाम?" गॅस पेटता ठेवून काशीयात्रेला गेलो, असं मी सांगितल्यासारखा चेहरा. "बिल किती येते?"

मी हिशेब मांडला. नुसता चालू असलेला डेस्कटॉप साठेक वॉट खातो. आठ तासांचा अर्धा युनिट. झोपवून ठेवला तर दोन-तीन वॉटच, पण अपडेट चालू असताना झोपवायचा कसा?

"अर्धा गुणिले तीस, पंधरा युनिट," आप्पा डोळे मिटून म्हणाले. "अन् शंभराच्या वर गेलं की स्लॅब बदलतो."

स्लॅब खरंच बदलतो. हे फार लागलं. चुकीचं बोलणारा पाहुणा सोसता येतो, बरोबर बोलणाऱ्याचं काय करायचं?

पण मग गिझरचं काय? दोन हजार वॉटचा गिझर पंधरा मिनिटं तापला की झाला अर्धा युनिट. आप्पा तो लावतात आणि पेपर वाचायला बसतात. शब्दकोडं सुटेपर्यंत आंघोळ नाही. गिझर घूं घूं करत नाही, एवढंच त्याचं पुण्य. आणि हे मी त्यांना बोलू शकत नाही, कारण मी जावई. जावयाला मान असतो, मत नसतं.

आप्पांचा कॉम्प्युटर 1995 सालचा आहे. म्हणजे मनातला. एसी खोली, चपला बाहेर, काम झालं की वर प्लास्टिकचं कव्हर. तेव्हाचा विंडोज 95 होताही गुणी. आवरून झालं की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत सांगायचा, आता बंद करायला हरकत नाही. मग आपण उठून बटण दाबायचं. आताचा चक्क थापा मारतो. 2012 च्या विंडोज 8 पासून शटडाऊन म्हटलं तरी तो पुरता बंद होत नाही. सकाळी लवकर उठता यावं म्हणून आतला पसारा तसाच डिस्कवर ठेवून पडून राहतो. मी वर्षानुवर्षं रोज रात्री इमानेइतबारे शटडाऊन करायचो, आणि ऑफिसातला आयटीचा पोरगा काय म्हणतो? "सर, मशीन कित्येक दिवसांत बंदच केलेलं नाहीये तुम्ही. शटडाऊन नको, रीस्टार्ट करत जा." बंद करायचं तर चालू करा! ते शिकवणाऱ्या पोराच्या डोक्यावर 'वीज वाचवा'चा स्टिकर, आणि एसी अठरावर. तिथले लोक स्वेटर घालून बसतात. त्यांच्या घरी कुणी आप्पा पाठवत नाही.

असो. सकाळी पावणेदहाला आप्पा खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसले. उद्याचं नागपूरचं एसीचं तिकीट, तत्काळमध्ये, दहाला खिडकी उघडणार. ते तिकीट मिळावं ही तळमळ त्यांच्यापेक्षा मला जास्त होती. बटण दाबलं. पडद्यावर गोल गोल फिरणारे ठिपके, आणि खाली सूचना, की अपडेट पुरं झालं नाही, केलेले बदल मागे घेत आहोत, बंद करू नका.

दहा वाजले. दहा वाजून पाच झाले. ठिपके फिरतायत.

"जावईबापू, तुमचं यंत्र फारच ढिम्म आहे," आप्पा म्हणाले. "आमच्या बंटीचं बघा. चोवीस तास चालूच असते. हात लावला की पडदा उजळते."

"आणि बिल?"

"ते कंपनी देते ना त्याची."

आणि उठून गिझर लावायला गेले.